खंडेनवमीनंतरचा लॉट

अकरा जून, बुधवार. जुन्या फायली फाडायचं काम होतं.

कारखान्यात कागदालाही वय असतं. गिऱ्हाइकांच्या तक्रारींच्या फायली आमच्याकडे दहा वर्षं ठेवतात. मग यादी करायची, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि कागद यंत्रात घालून त्याच्या पट्ट्या करायच्या. पुढच्या आठवड्यात ऑडिट होतं. ऑडिटरला कपाटात जुना कागद दिसला की तो त्यावरही प्रश्न विचारतो, म्हणून मी आणि ऑफिसमधली कविता जेवणानंतर बसलो. ती पानं काढून देत होती, मी यादीवर खूण करून यंत्रात सरकवत होते.

एका पानावर ती थांबली. "मॅडम, हे तपासनीस कोण? सही काय सुरेख आहे."

"होते एक," मी म्हणाले आणि पान हातात घेतलं. खाली दोन सह्या होत्या, त्यांची आणि माझी. मी ते पान यंत्रात घातलं. मुदत संपली होती, नियमाप्रमाणे फाडायचंच होतं. पण त्यानंतर मला यादीवरच्या खुणा नीट करता येईनात. दोन ओळी चुकल्या. कविताने त्या दुरुस्त केल्या.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. माहेर शिरूरचं, चर्चच्या मागच्या आळीतलं. लग्न होऊन दौंडला आले. नवरा रेल्वेत. पुण्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून शिरूरकडच्या एका कारखान्यात आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. आम्ही वाहनांचे लहान लोखंडी भाग बनवतो. त्याच्या पुढे गाडी बनते, पण गाडीशी आमचा संबंध नाही. आमचा संबंध नगाशी.

उत्पादन व्यवस्थापक म्हणजे नक्की काय करतेस, असं सासूबाई शेवटपर्यंत विचारत राहिल्या. त्यांना वाटायचं मी काहीतरी बनवते. मी आयुष्यात एकही नग बनवलेला नाही. नग बनवणाऱ्यांना लोखंड वेळेवर मिळालं का, मशीन चालू आहे का, माणूस आला का, आणि ताशी जितके निघायला हवेत तितके निघाले का, हे बघायचं. प्रत्येक मशीनजवळ एक फळा असतो. तासाला किती ठरले, किती झाले, कमी पडले तर का, हे त्यावर लिहायचं. माझी तीस वर्षं त्या "का"च्या रकान्यात गेली.

त्या रकान्यात काय काय लिहिलं गेलं! वीज गेली. ऑपरेटरच्या बहिणीचं लग्न. ऑइल संपलं. एकदा एकाने लिहिलं होतं, "साप". खरंच होता, मशीनच्या खाली, गारव्याला. पकडणारा पाबळहून येईपर्यंत लाइन बंद राहिली. गिऱ्हाइकाचा माणूस फोनवर म्हणाला, "साप हे कारण आमच्या सिस्टिममध्ये भरता येत नाही, दुसरं काही सांगा." मी "देखभाल" असं भरून दिलं. गिऱ्हाइकांच्या तऱ्हा वेगळ्याच. एकजण खोक्याच्या मधोमधचा नग काढून हुंगायचा. गंज न लागावा म्हणून लावलेलं तेल जुनं आहे की ताजं, ते त्याला वासावरून कळायचं. तो आला की सगळे ऑपरेटर श्वास रोखून उभे राहायचे आणि तो गेला की महिनाभर एकमेकांना हुंगायचे.

गळीत हंगामात दौंडकडचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरतो. एकदा आमचा टेम्पो त्यात असा अडकला की पलीकडे गिऱ्हाइकाची लाइन थांबायची वेळ आली. बिहारचा मुन्ना दोन पेट्या खांद्यावर घेऊन ट्रॉल्यांच्या कडेने चालत पुढे गेला आणि वडापच्या जीपमध्ये बसला. "मॅडम, आप टेन्शन मत लो, मैं नहीं पहुँचा तो भी पेटी पहुँचेगी." पेट्या पोचल्या. मुन्ना पुढे कधीतरी गावी गेला, तो परत आला नाही. कारखान्यात माणसं अशीच जातात. एक दिवस हजेरीपत्रकावर नाव नसतं, एवढंच.

पण त्या पानावरचं नाव असं गेलं नव्हतं.

आप्पा निमोण्याचे. आमच्या लाइनवर तपासनीस होते. मी नवी लागले तेव्हा ते आधीच जुने झाले होते. शिक्षण सातवी. सुपरवायझर झाले नाहीत कारण इंग्रजी येत नव्हतं, पण मालकांपासून सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे. आमचा एक नग असा आहे की त्यात एक गोल भोक असतं आणि त्यातून पुढे एक पिन जाते. भोक लहान झालं तर पिन जात नाही, मोठं झालं तर खुळखुळते आणि मग चालत्या गाडीत काय होईल ते सांगता येत नाही. हे भोक तपासायला एक साधन असतं, त्याला गेज म्हणतात. बोटाएवढी पोलादी दांडी, मध्ये मूठ, दोन टोकं. एक टोक भोकात गेलं पाहिजे. दुसरं जरासं जाड, ते गेलं नाही पाहिजे. जाड टोकाला लाल पट्टा रंगवलेला असतो, चुकायला नको म्हणून. लाल बाजू आत गेली तर नग बाद. इतकं सोपं.

इतकं सोपं आहे असं मला पहिल्या दिवशी वाटलं आणि मी गेज दाबून आत घातलं. आप्पांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"मॅडम, बळ लावलं तर सूनबी नांदती. ह्याला ढकलायचं न्हाई. तोंडाशी न्यायचं आन् सोडायचं. जायाचं आसंल तर जाईल."

सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवसापासून मी गेज धरायला शिकले. आप्पांचा हात असा होता की लाल बाजू भोकाच्या तोंडाला टेकली की ते थांबत आणि डोळे बारीक करत. एखादा नग लाल बाजूला अडत असला तरी ते बाजूला ठेवत. "हे अडतंय, पन मनापासून अडत न्हाई." मोजणीच्या खोलीत तो नग नेला की माप काठावर निघायचं. मी हे कितीतरी वेळा पाहिलं आहे.

आता खंडेनवमी. बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल म्हणून सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा होते, आणि कारखान्यात हत्यारं म्हणजे मशीन. दुपारनंतर सगळं बंद करून धुऊन पुसून घेतात, प्रत्येक मशीनला हार, हळद-कुंकू, नारळ. लहान हत्यारं एका टेबलावर मांडतात. मग पेढे आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. वर्षात हा एकच दिवस असतो की लाइन थांबलेली असते आणि कोणी फळ्यावर कारण लिहीत नाही.

मी ख्रिस्ती आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही बोलायचं नाही, पण पूजेच्या वेळी माझ्याकडे एकदा बघायचे. म्हणून मी दरवर्षी सगळ्यांच्या पुढे असायचे. हार आणायला मी, टेबल मांडायला मी. मॅडमना आपल्या पूजेचं वावडं आहे असं कोणी म्हणता कामा नये, असा माझा हट्ट होता. दहा वर्षांपूर्वीच्या त्या खंडेनवमीला टेबलावर पाने, रीमर, हातोडे मांडले होते. मला वाटलं टेबल मोकळं दिसतंय. मी गेजच्या पेट्या आणून उघडून ठेवल्या. गेज पेटीबाहेर असं काढायचं नसतं, हे मला माहीत होतं. तपासणीचं साधन धुळीपासून आणि कोणत्याही हातापासून लांब ठेवायचं हा पहिला धडा आहे. पण पूजेचा दिवस होता.

मालकांच्या पत्नी आल्या होत्या. त्यांनी गंधाची वाटी माझ्या हातात दिली. "तुम्हीच लावा मॅडम, इथली लक्ष्मी तुम्ही."

मी लावलं. अनामिकेने, त्यांनी दाखवलं तसं. कुंकू पाण्यात कालवून घट्ट केलेलं गंध होतं. प्रत्येक हत्याराला एक ठिपका. गेजवर कुठे लावायचं हे मला कळेना. मुठीवर नंबर कोरलेला असतो, तो झाकायला नको. मी टोकाला लावला. लाल बाजूला, कारण ती बाजू तशीही लाल होती आणि ठिपका तिथे शोभून दिसेल असं वाटलं. आप्पा समोर हात जोडून उभे होते. मग पेढे वाटले आणि मी घाईने पेट्या बंद करून कपाटात ठेवल्या.

दसऱ्यानंतरच्या सकाळी रीमर नवा बसवला होता. भोक गुळगुळीत करणारं हत्यार म्हणजे रीमर. तो जरा जास्त कापत होता, हे नंतर कळलं. आप्पांनी रोजच्यासारखं गेज काढलं, फडक्याने पुसलं आणि कामाला लागले. गंध दोन रात्रींत वाळून दगड झालं होतं. लाल रंगावर लाल ठिपका. चष्म्यातून तो दिसला नाही, फडक्याने निघाला नाही. त्या ठिपक्यामुळे लाल बाजू आणखी जाड झाली होती, मग ती मोठ्या भोकातही जाईना. आप्पांनी प्रत्येक नग तपासला, प्रत्येक नग पास केला. लॉट पाठवला.

चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला. लाइन थांबली, लॉट परत, कारण लेखी द्या.

खोकी परत आली तेव्हा मी एक नग उचलला आणि कपाटातून ते गेज घेतलं. लाल बाजू भोकाशी नेली. ती अडली. मोजणीच्या खोलीतून मात्र निरोप आला की भोक मोठं आहे, स्पष्ट मोठं. मी गेज उजेडात फिरवलं. लाल पट्ट्याच्या कडेला रंग जरा वेगळा होता. मी नख लावलं. नखाखाली कुंकू आलं.

गेजच्या कपाटाच्या खोलीत मी एकटीच होते. मी थिनरची बाटली घेतली, गेज स्वच्छ केलं, पुन्हा नगाला लावलं. लाल बाजू सरळ आत गेली.

मग मी बाहेर आले आणि म्हणाले, "गेज बरोबर आहे."

हे वाक्य खरं होतं. म्हणून ते इतकं टिकलं.

कारणांचा फॉर्म असतो. माणूस, यंत्र, साहित्य, पद्धत असे रकाने. रीमरचं कारण यंत्रात लिहिलं, पण ते अर्धंच होतं. भोक मोठं झालं हे ठीक, पण ते तपासणीत सापडलं का नाही? गेज प्रयोगशाळेत पाठवलं, ते बरोबर ठरलं. ठरणारच. मग उरला माणसाचा रकाना. मालकांनी मला विचारलं, "आप्पांचं वय झालंय का हो?" मी म्हणाले, "झालंय." हेही खरं होतं.

आप्पांना बोलावलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. हे त्यांनी कधी केलं नव्हतं.

"मॅडम, मी परतेक नगाला लाल बाजू लावली. येकबी गेली न्हाई. आता तुम्ही दावताय तर जातीया. तेच गेज, तोच नग. मला कळंना."

"कधी कधी हात जड होतो, आप्पा."

"जड झाला तर गेली आसती. मी तर अडली म्हणतोय." ते बरोबर बोलत होते. दाबलं असतं तर लाल बाजू आत गेली असती आणि नग बाद झाले असते. तपासनिसाचं डोकं अजून नीट चालत होतं, आणि मी त्याच्या समोर बसून ते बंद करत होते. "म्हंजी मी तोंडाला नीट टेकवलीच न्हाई? वाकडी धरली?"

"तसं झालं असेल."

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. तसंच झालं आसंल. दुसरं काय." आणि त्यांनी सही केली. "तपासनिसाने गेज चुकीच्या पद्धतीने धरले" या ओळीखाली. अक्षर मोत्यासारखं. सातवी पास माणूस, पण सही घाईने कधी केली नाही.

त्यांना पॅकिंगला पाठवलं. तिथे गेज लागत नाही. लाइनवरची मुलं जाता-येता म्हणायची, "आप्पा, खोकं वाकडं धरू नका." ते हसून घ्यायचे. संक्रांतीच्या आधी त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. निरोपाला नारळ आणि शाल. शाल मीच दिली.

का बोलले नाही, याची कारणं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पूजेच्या गंधामुळे लॉट गेला, हे ख्रिस्ती बाईच्या तोंडून कोणाला ऐकवणार? एक म्हणेल, हिला पूजेचंच वावडं. दुसरा म्हणेल, हिच्या हातचं लागलं म्हणून झालं. दोन्ही भीती खऱ्या होत्या. पण त्याच महिन्यात व्यवस्थापकाच्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलेलं होतं. हे कारण मी शेवटी लिहिते आहे, होतं ते पहिलं. जागा मला मिळाली. त्यानंतर मी नियम केला की पूजेत गेज मांडायचं नाही. कोणी विचारलं तर "धूळ लागते" असं सांगते. नियम आजही चालू आहे. लोक म्हणतात मॅडम फार काटेकोर.

बुधवारी संध्याकाळी फायलींच्या पट्ट्या तीन पोत्यांत भरून झाल्या. कविता म्हणाली, "सुटलो एकदाचे." मी यादीवर सही केली. आता त्या प्रकरणाचा कागद कुठेच नव्हता. कोणी विचारणार नव्हतं, कोणाला सापडणार नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. दौंडला घरी जाताना माझ्या लक्षात आलं की ती ओळ आता फक्त एका माणसाकडे राहिली आहे, आणि त्याला ती खरी वाटते.

गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. सकाळी मी डबा केला, नवऱ्याला दिला, गाडी काढली आणि निमोण्याला गेले.

घर विचारत गेले. आप्पा पत्र्याच्या शेडखाली खाटेवर बसले होते. खूप वाळले आहेत. सून गोठ्यात होती. "आप्पा, कोन आलंय बघा."

"मॅडम?" त्यांनी मला आवाजावरून नाही, उभं राहण्यावरून ओळखलं. "बसा की. कंपनी बंद पडली का काय?"

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता आणि मग बोलले नसते. मी सगळं सांगितलं. टेबल, वाटी, ठिपका, नख, थिनर.

बोलून झाल्यावर ते म्हणाले, "लाल बाजूवर."

"हो."

"तुम्हाला कवा कळलं?"

"लॉट परत आला त्याच दिवशी."

"मी सही केली त्याच्या आधी, का नंतर?"

"आधी."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते अंगणाकडे बघत बोलले. "गावच्या डेअरीवर मला बोलावलं व्हतं. दुधाची फॅट लावायला. बसून काम. मी न्हाई म्हणलो. म्हणलं, लोकांच्या दुधाचं माप हाय, माझ्या हाताचा भरवसा न्हाई. नातवाच्या अंगणवाडीच्या दाराची कडी बसवायची व्हती, तीबी मी दुसऱ्याकडनं बसवून घेतली."

मी "चुकलं" असं काहीतरी म्हणाले. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते खाटेवरून उठले. उठायला वेळ लागला. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"ए सुनंदा," त्यांनी गोठ्याकडे हाक मारली. "हात धू आन् हिकडं ये. बाळ्यालाबी उठीव." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, आता पयल्यापासनं सांगा. ह्यांच्या म्होरं."

सून ओला हात पदराला पुसत आली. त्यांचा मुलगा बाळ्या झोपेतून उठून दारात उभा राहिला. मी पहिल्यापासून सांगितलं. सुनेने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बघणं सोडून दिलं.

"झालं?" मुलाने विचारलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "शेजारचा नाना माझ्यासंगट कामाला व्हता. पॅकिंगचं त्यानंच गावात सांगितलेलं. त्याला बोलीव."

नाना आला. बरोबर त्याची बायको आणि अजून दोघं कोणी. मी अंगणात उन्हात उभी राहिले आणि तिसऱ्यांदा सांगितलं, एकही गोष्ट न गाळता.